नाताळच्या गाडीची मागची बाजू

हरणाचे मागचे पाय काढणं हे सभ्य माणसाचं काम नव्हे, असं त्या रविवारी दुपारी माझं ठाम मत झालं. तोवर कागदांचा एक गठ्ठा संपला होता आणि माझं एकही हरीण स्वतःच्या पायांवर उभं राहायला तयार नव्हतं. एक तर चक्क खुर्चीत बसल्यासारखं दिसत होतं. हरणाचा पाय जिथे पुढे वळेल असं वाटतं तिथेच तो मागे वळतो, आणि मागे वळेल म्हणावं तर सरळ खाली जातो. शेवटी मी हरीण सोडलं आणि आगगाडी धरली. आगगाडीला गुडघे नसतात, एवढा एकच विचार त्यामागे होता. पुढे जे काही घडलं त्याला हा गुडघ्यांचा विचार जबाबदार आहे, मी नाही.

झालं होतं असं, की काही दिवसांपूर्वी बायको तिच्या थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. ही माझी मेव्हणी, घरात सगळे तिला ताई म्हणतात, दर नाताळला स्वतः वाळवलेली फुलं चिकटवून शुभेच्छापत्रं करते आणि ती मिळाली का हे विचारायला आठवणीनं फोन करते. "दुकानातली काय, कुणीही पाठवतं गं," असं ती म्हणाली. तिचा आवाज पलीकडच्या खोलीपर्यंत येत होता आणि पलीकडच्या खोलीत मी होतो. मी ओरडलो, "म्हणावं, यंदा आम्हीही हातानं रंगवणार आहोत!" दुसऱ्याच्या फोनमध्ये मागून ओरडणाऱ्या माणसाचं आजवर कधी भलं झालेलं नाही. बायकोनं ते वाक्य जसंच्या तसं पोहोचवलं, आणि ताईनं, "अगं बाई! मग नाताळला आम्ही तिकडेच येतो, समोरासमोर बघू," असं म्हणून फोन ठेवला.

तर आगगाडी. बर्फातून निघालेली, धुराड्यातून वाफ सोडणारी, पुढच्या बाजूला हिरवी माळ आणि लाल फीत बांधलेली. मी ती मन लावून रंगवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाळत ठेवली.

"छान झालंय हो," बायको म्हणाली. मग मान जरा तिरकी करून तिनं विचारलं, "शिवणयंत्र ना?"

"शिवणयंत्र कसलं, किटली आहे," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांची नजर अजून पक्की आहे. "एवढी वाफ दिसत नाही का तुला?"

कलावंताचा संयम काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर वर्तमानपत्र परत द्यायला आले. हे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. दवाखाना बंद झाल्यापासून तोंड उघडून बसलेली माणसं त्यांना मिळत नाहीत, त्यामुळे ते स्वतःच तोंड उघडतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्राजवळ नाक नेलं.

"समोरून काढा," ते म्हणाले. "बाजूनं काढलं की दात दिसत नाहीत."

"डॉक्टर, इंजिनाला दात नसतात."

"तुम्ही बघितलंय कधी जवळून?"

आता आली का पंचाईत! वाफेचं इंजिन मी पुस्तकात पाहिलं होतं, पडद्यावर पाहिलं होतं, बिस्किटाच्या डब्यावर पाहिलं होतं. पण त्याच्यापुढे उभा असा मी आयुष्यात कधीच राहिलो नव्हतो. रेल्वेच्या जुन्या शेडमध्ये असं एक इंजिन अजून जपून ठेवलंय, नाताळात त्याला दिवे लावून आणि डबे जोडून लहान-लहान स्टेशनांवरून फिरवतात, ही माहिती डॉक्टरांनीच पुरवली. "जा, बघून या," ते म्हणाले. "मी एकेका दाढेकडे जन्मभर बघत आलोय. बघितल्याशिवाय काही भरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन मी शेडच्या फाटकावर हजर झालो.

"कुणाकडे?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"इंजिनाकडे. चित्र काढायचंय."

"का?"

या 'का'चं उत्तर कुठल्याच चित्रकाराला देता आलेलं नसावं. मी काहीतरी बर्फाबद्दल, ताईबद्दल आणि वाळवलेल्या फुलांबद्दल सांगू लागलो, तसा त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि परवानगीसाठी कचेरीत पाठवलं.

कचेरीत खिडकीपलीकडे एक प्रेमळ चेहऱ्याच्या बाई बसल्या होत्या. प्रेमळ माणसं कचेरीत भेटली की मला जास्त भीती वाटते, कारण ती काही ना काही मार्ग काढतात.

"फोटो काढायचेत का? त्याचा फॉर्म आहे."

"नाही, चित्र काढायचंय. पेन्सिलीनं."

"चित्राचा फॉर्म नाहीये हो."

"मग फॉर्मशिवाय काढू?"

"छे! परवानगी लागते."

"मग द्या की परवानगी."

"देईन ना. पण कशावर देऊ? फॉर्म कुठाय?"

माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसानं उसासा टाकला. मग बाईंनी खण उघडला, कागद उलटेपालटे केले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हे चालेल का बघा. 'सणाची गाडी, सजावट विभाग'. यात चित्रही येतं आणि गाडीही येते." मी काही म्हणायच्या आत त्यांनी एका पासवर माझं नाव लिहिलं, त्याखाली 'चित्रकार' असं लिहिलं आणि वर शिक्का मारला.

आजवर माझ्या नावाखाली आधी 'कनिष्ठ लिपिक' आणि मग 'वरिष्ठ लिपिक' एवढंच लिहिलं गेलेलं आहे. तो शिक्का अजून ओला होता. मी म्हणालो, "चालेल." माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात.

पास गळ्यात अडकवून मी शेडमध्ये शिरलो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यामुळे आधी काही दिसेना. कोळशाचा आणि तेलाचा वास आला, गालांना ऊब लागली. समोर एक काळी भिंत होती. शेड असल्यामुळे भिंत असणारच, म्हणून मी तिच्या कडेनं चालत राहिलो. मग माझ्या ध्यानात आलं, की भिंतीला चाकं आहेत.

चाकाचा मध्य माझ्या छातीपर्यंत येत होता. म्हणजे चाक माझ्यापेक्षा उंच, आणि अशी चाकं एकामागून एक अंधारात पुढे गेलेली, त्यांना जोडणारा पोलादी दांडा माझ्या मांडीएवढा जाड. मान वर करत गेलो तरी ते इंजिन संपेचना. सण जवळ आल्यामुळे भट्टी पेटवलेली होती. एवढ्या मोठ्या लोखंडाला हळूहळू तापवावं लागतं, एकदम नाही. आत फार खोल कुठेतरी पाणी स्वतःशीच बोलत होतं. मधूनच कुठेतरी 'टिक' असा आवाज व्हायचा, एखादा थेंब पडायचा आणि पुन्हा ते बोलणं सुरू व्हायचं. मी न राहवून हात लावला. ते कोमट होतं. झोपलेल्या मोठ्या जनावराच्या कुशीला हात लावल्यासारखं वाटलं, आणि आपण त्याला जागं तर केलं नाही ना, म्हणून मी हात पटकन मागे घेतला.

वही मी उघडलीच नाही. याची मी किटली केली होती, एवढंच मनात येत राहिलं.

"आलात एकदाचे!" मागून आवाज आला. खांदे दारात तिरके करून आत येणारा एक धिप्पाड माणूस हात पुसत माझ्याकडे येत होता. तो शेडचा फोरमन. त्यानं माझ्या गळ्यातला पास वाचला. "चित्रकार ना?"

"म्हणजे, तसं बघायला गेलं तर..."

"तसं म्हणजे? इथं लिहिलंय की."

लिहिलं होतं खरं. फोरमननं मला हाताला धरून मागच्या रुळावर नेलं. तिथे सामानाचा एक डबा उभा होता. खिडक्या नाहीत, मधोमध दोन्ही बाजूंना सरकती दारं. एका बाजूला पांढरं अस्तर मारून ठेवलेलं, दुसरी बाजू जुनीच, तपकिरी. नेहमीच्या चित्रकाराची ऐन वेळी कंबर धरली होती आणि त्याच्या जागी कुणीतरी येणार म्हणून ही मंडळी वाट बघत बसली होती. तो कुणीतरी म्हणजे मी, असं फोरमनचं म्हणणं पडलं.

"नमुना आणलाय?"

मी खिशातून ते शुभेच्छापत्र काढलं. फोरमननं ते उजेडाकडे धरलं, दूर धरलं, जवळ धरलं. "मला चित्रातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "ही गाडीच आहे ना?"

"गाडीच आहे."

"मग झालं. हीच काढा. फक्त मोठी."

खरी परिस्थिती सांगायला ती अगदी योग्य वेळ होती. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात पलीकडे त्या इंजिनानं एक लांब सुस्कारा सोडला, पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत आमच्या पायांपर्यंत आली, आणि माझ्या तोंडून निघालं, "कधीपर्यंत हवंय?"

आता प्रश्न आला रजेचा. आमचे हेडक्लार्क नियमाला फार पक्के.

"रजेचं कारण?"

"डबा रंगवायचाय."

"कसला डबा?"

"रेल्वेचा."

त्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं, बोटानं ओळी चाळल्या आणि मिटलं. "लग्न आहे, आजारपण आहे, घरबदल आहे. डबा नाहीये. तुम्ही आजारी पडा." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं 'पोट बिघडणे' असं लिहिलं. माझ्या पोटाला याची काहीच कल्पना नव्हती.

घरी मी सगळा प्रकार सांगितला तेव्हा बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, की तुम्हाला येत नाही म्हणून?"

"तू आधी ते इंजिन बघ," मी म्हणालो. "मग बोल."

ती आली. चाकाजवळ उभी राहिली. वर बघता बघता तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही. मग म्हणाली, "चौकोन आखायचे. स्वेटरचा नमुना मोठा करतो ना, तस्साच. तुम्ही दोरी धरा." दुपारपर्यंत डब्यावर खडूचे चौकोन पडले होते.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईही येऊ लागल्या. घरी एकट्या बसून काय करणार! त्यांच्यासाठी फोरमननं कुठूनतरी हातांची खुर्ची आणून डब्यापुढे ठेवली, आणि तिथून त्या "चाक वर गेलंय", "तो पांढरा जरा कमी", "उतरा आता, चहा प्या" अशा आज्ञा सोडत. तिसरे आले डॉक्टर. ते फक्त सल्ला द्यायला आले होते, पण सगळा तैलरंगाचा, चमकणारा प्रकार बघून त्यांचे हात शिवशिवायला लागले. "पांढऱ्यावर चमक आणणं हा माझा प्रांत आहे," असं म्हणून ते कोट काढून शिडीवर चढले. इंजिनाच्या अंगावरचे ते शेकडो रिवेट, म्हणजे गोल डोक्यांचे खिळे, त्यांनी एकट्यानं केले, प्रत्येकावर उजेडाचा एक बारीक ठिपका देऊन. मधूनच ते एखाद्या रिवेटला "आ करा" असं म्हणत. सवयीचा भाग.

चुका किती झाल्या ते सांगत बसत नाही. एकच सांगतो. मी सुरुवात चाकापासून केली. खरं चाक जाऊन बघायचं आणि येऊन रंगवायचं, असं करता करता माझं चाक खऱ्याएवढं झालं. त्या मापानं चौकोन पुसावे लागले, बॉयलर वाढला, आणि बॉयलर वाढला तसा मागच्या डब्यांना जागाच उरली नाही. धुराडं कसंबसं छपराच्या कडेला टेकलं. माझी आगगाडी आता आगगाडी राहिली नव्हती. एक भलंमोठं एकटं इंजिन बर्फ उडवत निघालं होतं, आणि डब्याचं सरकतं दार बरोबर त्याच्या पोटात आलं होतं. मी घाबरून फोरमनकडे बघितलं. तो म्हणाला, "मोठी काढा म्हटलं होतं, काढलीत."

पण चुकता चुकता एक गोष्ट झाली. रोज सकाळी आम्ही आधी त्या खऱ्या इंजिनाजवळ जायचो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण जायचो. डॉक्टर हात मागे बांधून उभे राहायचे, बायको डोकं वर करून. मग येऊन रंगवायला लागलं, की हात आपोआप हळू चालायचा. एका दुपारी सासूबाई खुर्चीतून उठल्या, डब्यापाशी आल्या आणि रंगवलेल्या बॉयलरला त्यांनी बोट लावायला नेलं. मध्येच मागे घेतलं.

"ओलं नाहीये, लावा," मी म्हणालो.

"तसं नव्हे," त्या म्हणाल्या. "भाजेल असं वाटलं."

मी शिडीवरून उतरलो आणि उगाच ब्रश धुवायला निघून गेलो. एवढं मोठं कौतुक अंगावर घ्यायची मला सवय नाही. या गडबडीत घरची शुभेच्छापत्रं राहूनच गेली. बायकोनं गुपचूप दुकानातून आणून सगळ्यांना धाडून दिली.

गाडी निघायच्या दिवशी दुपारी मोठे साहेब पाहणीला आले. खरं इंजिन बाहेर येऊन गाडीला लागलं होतं, दिव्यांच्या माळा दोन्ही बाजूंनी चढल्या होत्या, सामानाचा डबा सगळ्यात शेवटी जोडला होता. आम्ही धुतलेल्या कपड्यांत रांगेनं उभे होतो. साहेबांनी खऱ्या इंजिनाकडे बघितलं. मग चित्राकडे बघितलं. मग पुन्हा इंजिनाकडे. टेनिसचा सामना बघणाऱ्याची मान होते तशी त्यांची मान झाली.

"हे तिकडे का चाललंय?" त्यांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी बघितलं. गाडी डावीकडे निघणार होती. माझं इंजिन पूर्ण ताकदीनं, बर्फ उधळत, उजवीकडे निघालं होतं.

माझ्या पोटात आता खरोखरच कालवाकालव सुरू झाली.

"परतीची गाडी समजायची, साहेब," डॉक्टरांनी प्रयत्न केला.

"गेल्याशिवाय परत कशी येईल? लोक म्हणतील, आमचं खातंच मागे चाललंय." साहेब चित्राजवळ गेले. "धुराडं पुसून या टोकाला काढता येणार नाही का?"

"येईल," मी म्हणालो. "पण मग ते इंजिन राहणार नाही." एवढ्या मोठ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा असं उत्तर दिलं होतं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मग फोरमन घसा खाकरून म्हणाला, "फिरत्या पुलावर घालून डबाच फिरवू या."

शेडच्या मागे एक मोठा गोल खड्डा आहे. त्यात मधल्या एका खुंटावर तोललेला पूल, पुलावर रूळ. इंजिन त्यावर चढवायचं आणि तोंड फिरवून घ्यायचं, यासाठी तो बांधलेला. पण पूल इंजिन विभागाचा, आणि डबा डबे विभागाचा. इंजिनाच्या पुलावर डबा चढवायचा तर एका विभागानं दुसऱ्याला विनंती करायला हवी. साहेब डबे विभागाचे होते. सुदैवानं इंजिन विभागाचा जादा कार्यभारही सध्या त्यांच्याकडेच होता. त्यांनी स्वतःला विनंती केली, क्षणभर विचार केला आणि मंजूर केली.

डबा पुलावर आला. फोरमननं तो पुढे घेववला, जरा मागे घेववला, पुन्हा पुढे, तोल बरोबर मधोमध येईपर्यंत. मग पुलाच्या टोकाला असलेल्या लांब लाकडी दांड्याला शेडमधली माणसं लागली. मीही लागलो. डॉक्टर लागले. साहेब घड्याळ काढून बाजूला उभे राहिले.

मी दात आवळून सगळं अंग त्या दांड्यावर टाकलं.

"ढकलू नका हो," फोरमन हळूच म्हणाला. "नुसता खांदा टेकवा आणि चालायला लागा."

मी खांदा टेकवला आणि एक पाऊल टाकलं. आणि तो हलला. आवाज नाही, झटका नाही. पुलासकट, रुळांसकट तो सबंध डबा माझ्याबरोबर चालायला लागला. आमच्या घरातलं कपाट सरकवायला मला शेजारी बोलवावे लागतात. इथे घराएवढं लोखंड खांद्याला कापसासारखं लागत होतं. समोर शेड फिरलं, पाण्याची टाकी फिरली, सासूबाईंची खुर्ची डोळ्यांसमोरून संथपणे निघून गेली. सगळं जग फिरतंय आणि आपण डबा घेऊन जागच्या जागी आहोत असं वाटू लागलं. कुणीही बोलत नव्हतं. डॉक्टरसुद्धा बोलत नव्हते, आणि हे मी आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना शपथेवर सांगायला तयार आहे.

पूल पुन्हा रुळाला भिडला तेव्हा एक खोल 'ठक्' झालं. आम्ही एकमेकांकडे लहान पोरांसारखे बघत राहिलो. इंजिनाचं तोंड आता बरोबर दिशेला होतं. साहेबांनी माझा हात हातात घेतला. डबा गाडीला जोडला गेला आणि आम्ही सासूबाईंना खुर्चीसकट उचलून, पलीकडच्या रस्त्यानं, स्टेशनावर धावत सुटलो.

फलाट गच्च भरला होता. ताई आली होती, तिचे यजमान आले होते, आमच्या इमारतीतली माणसं आली होती. आणि हेडक्लार्क सहकुटुंब आले होते.

"काय, पोट कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"सुधारतंय," मी म्हणालो.

मग शिट्टी झाली. दिवस मावळायला आला होता. वळणावरून आधी वाफ आली, दिव्यांच्या उजेडानं आतून लाल-पिवळी झालेली, आणि त्या वाफेतून ते इंजिन आलं. गोंधळ करणारा तो सगळा फलाट एकदम गप्प झाला. पायांखालची फरशी थरथरत होती. माझ्या शेजारच्या एका अनोळखी बाईंनी माझीच बाही घट्ट धरली होती आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती. दिव्यांनी मढलेला एक डबा गेला, दुसरा गेला. आणि शेवटी, बरोबर आमच्यासमोर, सामानाचा डबा येऊन थांबला.

तपकिरी. जुना. कोरा.

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. बायकोनं तोंडावर हात ठेवला.

"अरे, चित्र कुठे गेलं?" डॉक्टर ओरडले.

"जाणार कुठे?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "या कुशीवरून त्या कुशीवर वळलं, की तोंड भिंतीकडे जातं की! एखादं तान्हं मूल सांभाळलं असतंत तर आधीच कळलं असतं तुम्हा पुरुषांना."

मी फोरमनकडे बघितलं. त्यानं टोपी काढली. "फलाट सगळे याच बाजूला आहेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शेवटपर्यंत."

"यातला तुमचा कुठला?" ताईनं विचारलं.

मी बोट दाखवलं.

ताईनं डब्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ताई मनानं वाईट नाही, आणि तीच खरी अडचण आहे. "अगदी साधा ठेवलायत," ती म्हणाली. "पण रंग छान निवडलाय हो."

त्यानंतर माझ्याच्यानं तिथे उभं राहवलं नाही. डब्याचं फलाटाकडचं दार उघडं होतं, आत खाऊची खोकी चढवणं चाललं होतं. मी एका खोक्यामागे हात लावल्याचं नाटक करत आत शिरलो, सगळी खोकी ओलांडली आणि पलीकडच्या बंद दाराशी अंधारात जाऊन बसलो. हेडक्लार्क दिसायला नकोत, ताई दिसायला नको, तो तपकिरी रंग तर मुळीच दिसायला नको.

थोड्या वेळानं बायको खोक्यांमधून वाट काढत आली.

"अहो, बाहेर चला. ताईला खरंच तसं वाटलं म्हणून ती बोलली."

"म्हणूनच येत नाही."

"सगळे विचारतायत तुम्हाला."

"काय सांगू? माझं चित्र पलीकडे गवताला दाखवायला काढलंय म्हणून?"

ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात धक्का बसला. फलाटाकडचं दार कुणीतरी बाहेरून ओढून घेतलं आणि गाडी चालू लागली.

"अहो! आई तिथे खुर्चीत बसलीये!"

"ताई आहे ना तिच्याजवळ."

"आणि आपण?"

आत काळोख होता, म्हणून मी चाचपडत पलीकडचं दार सरकवलं. दाराला आडवा दांडा लावलेला होता. आम्ही दोघं तो धरून उभे राहिलो आणि बाहेर बघितलं.

शहराची ही बाजू मी कधी बघितली नव्हती. घरांच्या पाठी होत्या इथे. दोऱ्यांवरचे कपडे, पाण्याचे नळ, मोडक्या सायकली, स्वयंपाकघरांच्या धुरकट खिडक्या. पुढच्या दारानं फलाटावर जायला ज्यांना सवड नव्हती अशी माणसं तिथे होती. एक बाई खिडकीत भांडी घासत होती. तिनं मान वर केली आणि तिचा हात नळाखाली तसाच थांबला. एक गृहस्थ बनियनवर, अर्ध्या गालाला साबण लावलेले, गच्चीच्या कठड्यापर्यंत धावत आले. एका घरात कुणीतरी घाईघाईनं दोरीवरचे कपडे ओढून काढत होतं, आणि कपड्यांमागून एक अंथरूण धरलेले आजोबा उशीवर उठून बसलेले दिसले. सगळ्यांची तोंडं उघडी होती. सगळे आमच्याकडे बघत होते, आणि आमच्याकडे बघत नव्हते. ते आमच्या वर, खाली, दोन्ही बाजूंना बघत होते.

मला कळायला जरा वेळ लागला. आम्ही इंजिनाच्या पोटात उभे होतो. दिव्यांच्या माळांच्या उजेडात, खऱ्याएवढ्या चाकांवर, बर्फ उडवत ते पुढे निघालं होतं, योग्य दिशेला. त्या सबंध बाजूला चित्र न दिसणारे आम्ही दोघंच होतो. आम्हाला दिसत होते फक्त ते चेहरे. वर चंद्र उगवलेला पाहावा तसे ते वर झालेले होते, आणि एकामागून एक, एकामागून एक, अंधारातून येत होते.

"हात हलवा की," बायको कुजबुजली.

मला हात उचलता येईना.

पुढे इस्पितळाची मागची बाजू आली. धुलाईघराचं दार उघडं होतं, आतून वाफ येत होती, आणि ओल्या हातांच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. त्यांनी काय बघितलं कोण जाणे, पण त्यातल्या दोघी आत पळाल्या आणि एक भलीमोठी पांढरी चादर घेऊन बाहेर आल्या. एकीनं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं, आणि त्या ती वर-खाली हलवू लागल्या. आजवर मला कुणी रुमाल हलवूनसुद्धा निरोप दिला नव्हता.

बायकोनं अंगावरची शाल काढली, दांड्यावरून बाहेर वाकली आणि दोन्ही हातांनी ती हलवायला लागली. एवढ्या थंडीत. हसत होती, ओरडत होती, काय ओरडत होती ते चाकांच्या आवाजात कळत नव्हतं. मी खिसे चाचपले. खिशात रंग पुसायचं फडकं होतं, निळं, पांढरं, काळं, सगळ्या रंगांनी माखून कडक झालेलं. मी तेच बाहेर काढलं आणि हलवलं.